शिक्षा आणि मुस्कटदाबी

मुद्रणस्वातंत्र्याचा प्रश्न आपल्याकडे जेव्हां जेव्हां निघतो, तेव्हां तेव्हां वाद करणारांचे दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, लेखणी सर्वस्वी मोकळी असावी. दुसरा म्हणतो, मोकाट लेखणी समाजाची शांतता, सज्जनांची अब्रू आणि भाविकांची श्रद्धा हीं तिन्ही पायदळीं तुडविते, सबब तिला वेसण हवी. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद मिटत नाहीं. तो न मिटण्याचें आणखीही एक कारण आम्हांस दिसतें. दोन अगदीं भिन्न गोष्टींना आपण एकाच नांवानें हांक मारतों. लिहिलेल्या मजकुराबद्दल लेखकास जाब विचारणें ही एक गोष्ट, आणि तो मजकूर वाचकापर्यंत पोंचूंच न देणें ही दुसरी. पहिलीला आम्ही शिक्षा म्हणूं, दुसरीला मुस्कटदाबी. शिक्षा कित्येकदां न्याय्य असते, कित्येकदां अन्याय्य. पण ती चुकली असल्यास तें पुढेंमागें दाखवितां येतें. मुस्कटदाबी चुकली, तर ती चुकली हें कळण्याचें साधनच तिच्यामुळें नाहींसें झालेलें असतें. प्रस्तुत लेखांत एवढाच मुद्दा वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

हा मुद्दा अधांतरीं न ठेवतां एका लहानशा गांवाच्या आधारें तो तपासून पाहूं. कोल्हापूरच्या दक्षिणेस, दूधगंगेच्या खोऱ्यांत, कर्नाटकाच्या सरहद्दीलगत कागल आहे. घाटगे घराण्याची ही जुनी जहागीर. राजर्षि शाहू महाराज जन्मानें याच घराण्यांतले. वृत्तपत्रांचें माहेरघर पुणें किंवा मुंबई असतां कागलकडे कां वळावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, या प्रश्नाचीं दोन टोकें दाखविणाऱ्या दोन घटनांशीं या गांवाचा संबंध आलेला आहे. पहिली १८८२ मधली, दुसरी २००९ मधली. पहिलींत लेखणी चुकली आणि तिला शिक्षा झाली. दुसरींत लेखणी चुकली कीं नाहीं हें ठरण्यापूर्वींच पुस्तक वाचकांसमोरून उठलें.

पहिली हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे, पण ती टिळक-आगरकरांच्या तुरुंगवासाची कथा म्हणून. मुद्रणस्वातंत्र्याचा धडा म्हणून ती क्वचितच वाचली जाते. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळीं चौथे शिवाजी महाराज होते. महाराज अल्पवयी. त्यांचें चित्त ठिकाणावर नाहीं असें सरकारतर्फें सांगण्यांत येई, आणि राज्याचा कारभार रावबहादुर माधवराव बर्वे यांच्या हातीं होता. महाराज खरोखरच वेडे आहेत, कीं त्यांचा छळ करून त्यांस वेडें ठरविण्यांत येत आहे, याची कुजबूज सगळ्या दक्षिण महाराष्ट्रांत चालू होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं पत्रें १८८१ च्या जानेवारींत निघालीं. त्यांनीं हा प्रश्न हातीं घेतला आणि कारभाऱ्यांवर सडकून टीका केली. पुढें बर्व्यांच्या नांवचीं म्हणून कांहीं पत्रें त्यांच्या हातीं आलीं. महाराजांच्या घातांत कारभाऱ्यांचें अंग असल्याचें तीं सुचवीत होतीं. संपादकांनीं त्यांवर विश्वास ठेविला. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि चौकशींत तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली. तरीही १८८२ च्या जुलैमध्यें टिळक व आगरकर यांस प्रत्येकीं चार महिन्यांची शिक्षा झाली. तींतले १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. खटला चालू असतांनाच, १८८२ च्या मार्चमध्यें, विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. आगरकरांनीं तुरुंगांत शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चें भाषांतर हातीं घेतलें, तेंच पुढें ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें; आणि त्या १०१ दिवसांवर त्यांनीं एक पुस्तकही लिहिलें.

या कथेला कागलचा धागा असा. त्याच सुमारास कोल्हापूर संस्थानचे राजप्रतिनिधि म्हणून कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांची नेमणूक झाली. ज्यांच्यासाठीं हें सर्व रण माजलें ते शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें नजरकैदेंत असतां, ग्रीन नांवाच्या एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें विशीच्या आसपास होतें. १८८४ च्या मार्चमध्यें आबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव यांस कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यांत आलें, आणि तेच शाहू छत्रपति झाले.

आतां या प्रकरणाचा न्याय आपण कसा करावा? बर्व्यांवर अन्याय झाला, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. बनावट कागदाच्या आधारावर एका गृहस्थास खुनशी ठरविणें हा अपराध आहे, आणि अपराधी देशभक्त असल्यानें तो अपराध धुऊन निघत नाहीं. त्यांस झालेली शिक्षा ही मुद्रणस्वातंत्र्यावरील घाला होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. आरोप उघड होता, पुरावा उघड्या न्यायालयांत तपासला गेला, दोन्ही बाजूंस बोलूं दिलें, आणि निकालाचीं कारणें सर्वांस कळलीं. शिक्षा भोगून आल्यावर संपादकांचें जंगी स्वागत झालें आणि त्यांच्या लेखणीची धारही बोथटली नाहीं. लोकांस त्यांची चूकही कळली आणि त्यांचा हेतूही कळला. न्यायाची ही रीत आम्हांस मान्य आहे.

परंतु याच प्रकरणाची दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. पत्रें खोटीं होतीं. पण संपादकांनीं विचारलेला प्रश्न खोटा होता काय? महाराजांस कोण सांभाळतें, कसें सांभाळतें, त्यांस कोणी भेटूं शकतें कीं नाहीं, या शंका निराधार नव्हत्या, हें अहमदनगरच्या त्या नाताळच्या दिवशीं दुर्दैवानें दिसून आलें. पुरावा खोटा असूनही प्रश्न खरा असूं शकतो. न्यायालयानें खोटा पुरावा तेवढा बाजूस काढला. प्रश्नाला हात लावला नाहीं. तोंड बांधणाऱ्यास हा विवेक करतांच येत नाहीं. मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वीं तो अडवावयाचा म्हटला म्हणजे त्यांतला खरा भाग कोणता आणि खोटा कोणता हें ठरविण्यास अवसर कोठला? तो दोहोंनाही एकाच गोणींत घालून विहिरींत टाकतो.

येथें १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याचें स्मरण करावें. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत झालेला हा कायदा इंग्रजी पत्रांस लागू नव्हता. देशी भाषांतील पत्रांपुरताच तो केलेला होता. मुद्रक व प्रकाशक यांजकडून हमी घ्यावी, मजकूर सरकारास रुचला नाहीं तर छापखाना जप्त करावा, आणि मॅजिस्ट्रेटच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयांत दाद मागतां येऊं नये, अशी त्याची रचना. लॉर्ड रिपन यांनीं १८८२ मध्यें तो रद्द केला. म्हणजे बर्वे खटला आणि हा रद्द होणें एकाच वर्षांतलें. या कायद्याच्या वाटेनें ‘केसरी’चें तोंड बंद करण्यांत आलें असतें, तर काय झालें असतें? पत्रें छापलीं गेलीं नसतीं, पण तीं खोटीं होतीं हेंही कधीं ठरलें नसतें. हातोहात फिरलेल्या त्याच नकला पिढ्यान्‌पिढ्या खऱ्या मानल्या गेल्या असत्या, आणि बर्व्यांचें नांव आज जितकें निष्कलंक आहे तितकें राहिलें नसतें. ज्याची अब्रू वांचवावी म्हणून तोंड बांधावयाचें, त्याच्याच अब्रूचा साक्षीदार अशा रीतीनें नाहींसा होतो. खोटीं पत्रें खपलीं तरी कां? राजवाड्याचीं दारें बंद होतीं म्हणून. खरी बातमी जेथें मिळत नाहीं, तेथें बनावट बातमीस चांगला भाव येतो, हा बाजाराचा नियम आहे.

यावर कोणी म्हणेल, राज्यकर्ता परका असला तर त्याच्या हातीं ही सत्ता देऊं नये हें कबूल. पण आपलाच, लोकहिताचा कळवळा असलेला राजा असेल तर? आम्हांस वाटतें, राज्यकर्त्याच्या चांगुलपणावर हा प्रश्न सोडून देतां येत नाहीं. १९०८ सालीं कोल्हापुरांतूनच निघणाऱ्या ‘विश्ववृत्त’ मासिकांत श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवर एक लेख प्रसिद्ध झाला. त्यांत राजद्रोह दिसला, आणि त्या मासिकाचे चालक प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर व संपादक वामन मल्हार जोशी यांस कारावास भोगावा लागला. शाहू महाराजांसारखा प्रजेच्या शिक्षणासाठीं झटणारा राजा गादीवर असतां ही गोष्ट घडली. त्या राजाच्या थोरवीस यानें बाध येतो असें आम्ही म्हणत नाहीं. वरिष्ठ सत्तेचें दडपण त्या काळीं प्रत्येक संस्थानिकावर होतें. परंतु चांगला राजा हा चांगल्या कायद्याचा पर्याय नव्हे, एवढें त्यावरून निश्चित ठरतें. आणखी एक उदाहरण घ्या. चिपळूणकरांचा ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंध सरकारनें १९१० मध्यें जप्त केला. लेखक जाऊन तेव्हां २८ वर्षें झालीं होतीं. ती बंदी १९३७ मध्यें उठली. मधल्या काळांत त्या निबंधाचें खंडन करावें अशी ज्यांची इच्छा होती, त्यांनाही तो उघडपणें हातीं घेण्याची सोय नव्हती. बंदी ही प्रतिपक्षाचेंही तोंड बांधते, हें बंदी मागणाऱ्यांच्या सहसा लक्षांत येत नाहीं.

स्वराज्य आल्यानें हा धोका टळला असेंही नाहीं. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदानें अभिव्यक्तीचें स्वातंत्र्य दिलें आणि त्याच अनुच्छेदांत त्यावरील वाजवी निर्बंधही सांगितले. तरी १९७५ च्या जूनमध्यें आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. त्याच वर्षाच्या अखेरीस कऱ्हाडास साहित्य संमेलन भरलें. केंद्रांतले मंत्री यशवंतराव चव्हाण तेथें स्वागताध्यक्ष होते, तर अध्यक्षस्थानीं दुर्गाबाई भागवत होत्या. जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीस आराम पडावा म्हणून सर्वांनीं प्रार्थना करावी, असें आवाहन दुर्गाबाईंनीं भर मंडपांत केलें, आणि पुढल्या वर्षीं त्यांस तुरुंगवास घडला. सरकारच्या पहाऱ्यापुढें साहित्यिकाची पाठ ताठ राहिल्याचें हें उदाहरण मराठी माणूस अभिमानानें सांगतो. पण पहारा जेव्हां सरकारचा नसून आपल्याच लोकांचा असतो, तेव्हां काय होतें? हा प्रश्न आम्हांस पुन्हा कागलकडे नेतो.

कै. आनंद यादव हे कागलचे. १९३५ मध्यें तेथें एका गरीब शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. कागलच्या मळ्यांत पाणी पाजीत शिकण्यासाठीं धडपडणाऱ्या मुलाची कथा त्यांनीं ‘झोंबी’ मध्यें सांगितली आणि त्या पुस्तकास १९९० चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागल भागाची बोली मराठी साहित्यांत प्रतिष्ठेनें बसविण्याचें बरेंचसें श्रेय त्यांना आहे. उतारवयांत त्यांनीं ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी लिहिली. तींतील तुकोबांच्या तरुणपणाचें चित्रण वारकऱ्यांस विटंबना वाटलें. २००९ च्या मार्चमध्यें महाबळेश्वरास भरावयाच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून यादवांची निवड झाली होती. त्या निमित्तानें विरोध पेटला. यादवांनीं माफी मागितली, कादंबरी बाजारांतून परत घेण्यांत आली, तरी विरोध शमला नाहीं. अखेर त्यांनीं अध्यक्षपद सोडलें, आणि तें संमेलन अध्यक्षाविना पार पडलें. पुढें २०१४ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें बदनामीच्या खटल्यांत लेखक व प्रकाशक यांस दोषी धरिलें. २०१६ च्या नोव्हेंबरमध्यें यादव वारले.

येथें आम्हांस दोन्ही बाजूंशीं सरळ बोललें पाहिजे. वारकऱ्यांचें दुःख खोटें नव्हतें. तुकोबा हे पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्यांस एखादें ऐतिहासिक पात्र नव्हेत. ते घरांतले वडील आहेत. वडिलांच्या चारित्र्यावर कोणी कल्पनेनें रंग भरूं लागला, तर मुलगा शांतपणें ‘ही कलाकृति आहे’ असें म्हणत बसणार नाहीं. आपला कायदाही मृताच्या नातलगांच्या भावना दुखविण्याच्या हेतूनें केलेली मृताची बदनामी गुन्हा मानतो. शिवाय कादंबरीकारानें संतचरित्रास हात घालावयाचा, तर पुरावा कोठें संपला आणि कल्पना कोठें सुरू झाली हें त्यानें वाचकांस दाखविलें पाहिजे. १८८२ च्या संपादकांकडून कागदाच्या खरेपणाची जी खात्री आपण मागतों, तीच २००९ च्या कादंबरीकाराकडूनही मागण्याचा आपणांस अधिकार आहे.

परंतु मागण्याची रीत कोणती? वारकऱ्यांनीं ग्रंथाचें खंडन करावें, कीर्तनांतून त्याचा समाचार घ्यावा, तो विकत घेऊं नये, अध्यक्षाच्या निवडीवर टीका करावी, न्यायालयांत जावें. हे सर्व त्यांचे हक्क आहेत, आणि यांतल्या एकालाही आम्ही मुस्कटदाबी म्हणणार नाहीं. प्रत्यक्षांत क्रम उलटा झाला. पुस्तक आधीं गेलें, न्यायालयाचा निकाल पांच वर्षांनीं आला. सरकारनें कोणताही हुकूम काढला नव्हता, सबब ही बंदी नव्हे असें म्हणतां येईल. पण ज्या वाचकास स्वतः वाचून ठरवावयाचें होतें, त्याच्या दृष्टीनें सरकारी हुकूम आणि समुदायाचा धाक यांत अंतर तें काय? किंबहुना हुकुमावर कोणाची तरी सही असते. धाकावर कोणाचीच नसते, आणि म्हणून त्याविरुद्ध दादही मागतां येत नाहीं. आज ‘संतसूर्य तुकाराम’विषयीं आवेशानें बोलणारांपैकीं ती समग्र वाचलेले किती निघतील? बर्व्यांच्या प्रकरणांत आपण खात्रीनें सांगूं शकतों कीं पत्रें खोटीं होतीं. या प्रकरणांत सामान्य वाचकास अशी खात्री बाळगण्यास जागाच उरली नाहीं. ज्याला जें आधीं वाटत होतें तेंच तो पुढें धरून बसला.

आणि हें तुकोबांच्या बाबतींत व्हावें, ही गोष्ट मनास विशेष टोंचते. परंपरा सांगते कीं, त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविण्यास लावण्यांत आल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या. या कथेकडे कोणी चमत्कार म्हणून पाहो वा रूपक म्हणून. बुडवून शब्द बुडत नाहींत, हा तिचा अर्थ प्रत्येक वारकरी पोटाशीं धरून आहे. ज्या संप्रदायाच्या पायाशीं ही कथा आहे, त्यानें एका सदोष पुस्तकाची इतकी धास्ती घ्यावी कां? गाथा साडेतीनशें वर्षें तगली; एका कादंबरीनें ती मळेल हें मानणें हाच तिच्यावरील अविश्वास आहे.

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत बिकट आहे. ग्रंथास उत्तर देण्यास महिने मिळतात. पण चिथावणीचा शब्द आणि त्यापाठोपाठची दंगल यांत तासाचेंही अंतर नसेल तर? जून २०२३ मध्यें खुद्द कोल्हापुरांत समाजमाध्यमांवरील कांहीं मजकुरावरून तणाव उसळला, जमाव रस्त्यावर आला, आणि सरकारनें इंटरनेट बंद केलें. ज्या दुकानाची कांच फुटली त्याच्या मालकास ‘सत्य शेवटीं वर येतें’ असें सांगून समाधान होणार नाहीं. येथें आम्ही हट्ट धरीत नाहीं. उत्तर देण्यास अवसरच नाहीं अशी चिथावणी थांबविण्याचा अधिकार राज्यास असला पाहिजे. पण तो वापरतांना तीन बंधनें पाळलीं जावींत. हुकूम उघड असावा आणि त्याचीं कारणें लिहिलेलीं असावींत; त्याविरुद्ध न्यायालयांत जातां यावें; आणि तो शक्य तितक्या थोड्या मजकुरास व थोड्या वेळापुरता लागू असावा. इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२० मध्यें काश्मीरच्या प्रकरणांत सांगितलें, तें याच तत्त्वास धरून. सगळ्या शहराचें तोंड बांधलें म्हणजे अफवा पसरविणाराबरोबर ती खोडून काढणाराचेंही तोंड बांधलें जातें, आणि १८८१ च्या कोल्हापुरांत बंद दाराआड जें झालें त्याचीच पुनरावृत्ति होण्याचा संभव वाढतो.

या तीन बंधनांस लावून पाहिल्यास आमच्या उदाहरणांचा निवाडा आपोआप होतो. बर्व्यांची फिर्याद त्यांत बसते. लिटनचा कायदा बसत नाहीं, कारण त्यांत दाद नाहीं. आणीबाणीची पूर्वतपासणी बसत नाहीं, कारण काय गाळलें हेंच वाचकास कळत नसे. महाबळेश्वरचा धाक तर मुळींच बसत नाहीं, कारण तेथें हुकूम, कारण आणि मुदत यांपैकीं कांहींच नव्हतें.

शेवटीं एक गोष्ट आम्हां लिहिणारांस आणि वाचणारांस लागू आहे. मुद्रणस्वातंत्र्य हें लेखकाचें वतन आहे अशी समजूत असल्यामुळें लेखक त्यासाठीं भांडतात आणि वाचक तमाशा पाहतात. वस्तुतः तो वाचकाचा हक्क आहे. लेखकास बोलूं द्यावयाचें तें वाचकास पारखतां यावें म्हणून. तेव्हां लेखकानें कागद तपासल्यावांचून छापूं नये, आणि वाचकानें पुस्तक वाचल्यावांचून जाळूं नये. यांतलें पहिलें व्रत मोडलें तर उघड्या न्यायालयांत त्याचें प्रायश्चित्त आहे, आणि तें घेऊन दोघे तरुण संपादक ताठ मानेनें पुन्हा कामास लागले. दुसरें व्रत मोडलें तर प्रायश्चित्त कोणी द्यावें? तेथें वाचकांचा समाजच आरोपी, आणि न्यायाधीशही तोच.